एका सामन्याचा हंगाम

देशातल्या फुटबॉलची सगळ्यात वरची लीग म्हणजे इंडियन सुपर लीग, अर्थात आयएसएल. तिचा २०२५-२६ चा हंगाम रखडत रखडत १४ फेब्रुवारी २०२६ ला एकदाचा सुरू झाला, तोही एकेरी फेरीचा. १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाच्या वाट्याला १३. त्यावर देशभर बोंब झाली आणि ती रास्तच होती. आशियाई स्पर्धेत जागा हवी असेल तर क्लबने हंगामात लीग आणि कप मिळून किमान २४ सामने खेळायला हवेत, असा आशियाई महासंघाचा दंडक आहे. १३ सामन्यांत काय होतं? खेळाडूला लय सापडते न सापडते तोच हंगाम आटोपतो.

आता हाच हिशेब विदर्भातल्या पवनी, आर्वी, चिमूर, दारव्हा तालुक्यांतल्या पोट्ट्यांना लावून पाहा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढते आणि प्रत्येक पायरीवर बाद पद्धत. गावोगावच्या ‘भव्य खुल्या’ स्पर्धाही बाद पद्धतीच्याच. १६ संघ आले तर एकूण सामने १५. आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर टेम्पोत बसतात, चार दुसऱ्यानंतर. सरासरी काढली तर प्रत्येक संघाला दोन सामनेही पुरते येत नाहीत. दोन महिने सराव करायचा आणि ५० मिनिटांत वर्ष संपवायचं. पानठेल्यावर पोट्टे म्हणतात तेच खरं: ‘आपल्याले तं एकच मॅच भेटते, भाऊ. जितलो तं जितलो.’

ग्रामीण विदर्भातल्या फुटबॉलला येत्या हंगामात आणखी एक मोठ्या बक्षिसाची स्पर्धा नको, निवड चाचणी नको, टर्फ तर मुळीच नको. हवी आहे तालुक्याची छोटी लीग. तारखा आधी ठरलेल्या, हरलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा सामना. बाकी सगळं त्यानंतर.

बाद पद्धत नुसते सामनेच कमी करत नाही, खेळही बिघडवते. एका गोलवर घरी जायचं असलं की बचावपटू चेंडू पायात ठेवत नाही, लांब हाणतो. गोलकीपर जवळ पास देत नाही. प्रशिक्षक सोळा वर्षांच्या पोराला उतरवत नाही, कारण त्याची चूक महागात पडेल. चूक करून पुढच्या आठवड्यात ती सुधारायची सोयच या पद्धतीत नाही. त्यात बक्षिसाचा सगळा पैसा अंतिम सामन्यापाशी साचलेला, म्हणून गावाचे संघ नागपूर-कामठीहून किंवा कोळसा खाणींच्या वसाहतींतून दोन दिवसांपुरते खेळाडू बोलावतात. जर्सीवर गावाचं नाव, मैदानात गावचे तिघं. ट्रॉफी ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते आणि गावचा स्ट्रायकर राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवतो.

तसं पाहिलं तर वरही हेच चाललं आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय होता सुनील छेत्री, १४ गोल, वय ४०. जून २०२४ मध्ये निरोप घेतलेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशिया कपची दारं बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरवलं. लोक राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक खालिद जमीलवर तुटून पडले. माझ्या मते तो या रांगेतला शेवटचा दोषी. क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात, आणि विशीतल्या भारतीय स्ट्रायकरला तीन रविवार गोल न होऊनही चौथ्या रविवारी मैदानात ठेवणारी स्पर्धा खालीही कुठे नाही. जमील आकाशातून स्ट्रायकर आणणार होता का?

जमीलचंच नाव निघालं म्हणून मिझोरम. २०११ च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या १०.९७ लाख, आपल्या गडचिरोली जिल्ह्याची १०.७३ लाख. जंगल, चढउतार, लांबची गावं, उद्योग जेमतेम, दोन्हीकडे सारखंच. मिझोरमने २०१२ मध्ये आठ संघांची मिझोरम प्रीमियर लीग सुरू केली. २०१४ मध्ये त्यांनी राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली आणि २०१६-१७ मध्ये जमीलच्या हाताखाली ऐझॉल एफसीने आय-लीग ही राष्ट्रीय लीग मारली. मुंबई सिटी क्लबचा खेळाडू छांगटे तिथलाच. मिझोरमच्या पोरांचे पाय वेगळे नसतात. त्यांच्या वाट्याला ठरल्या दिवशी ठरलेला सामना आला, इतकंच. फुटबॉलची जुनी आवड तिथे होतीच, हे मान्य. पण आवड कामठीतही जुनी आहे, आणि नुसत्या आवडीवर कामठीच्या बाहेर तालुक्यात काय उभं राहिलं ते दिसतंच.

२०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकात कुरासाव हा देश पात्र ठरला तेव्हा त्याच्या लोकसंख्येचं फार कौतुक झालं. दीड लाखाच्या आसपास माणसं, म्हणजे साधारण गोंदिया शहराएवढी. ‘मग आपण का नाही?’ असा प्रश्न लगेच येतो. पण त्या संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढले, जिथे आठ वर्षांच्या पोराचाही शनिवारी सामना ठरलेला असतो. कौतुक करायचं तर त्या शनिवारचं करा.

सरकारचा कल मात्र निवडीकडे. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ झालं, शाळांत फुटबॉल पोचले, फोटो निघाले. चेंडू दिले, वेळापत्रक दिलं नाही. २०२३ मध्ये बायर्न म्युनिकशी करार झाला, निवडक २० मुलांना जर्मनीची वारी. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला आणि प्रोजेक्ट महादेवाचा गाजावाजा झाला: १३ वर्षांखालचे ३० मुलगे आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षं घडवायचं. या साठ पोरांचं भलं होवो, त्यात वाकडं काही नाही. पण अख्ख्या राज्यातून साठ निवडायचे तर निवडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खेळ हवा. चाचणीच्या सकाळी २० मिनिटांत उंची दिसते, पळ दिसतो. संघ ०-२ ने मागे असताना हा पोरगा चेंडू मागतो की लपतो, हे दिसत नाही. ते बघायला दहा रविवार लागतात.

तर मग लीग कशी करायची? आठ-दहा गावांचा हट्ट सोडा. सहा गावं घ्या, एकमेकांपासून २५ किलोमीटरच्या आत. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येकाला १० सामने आणि एकूण ३०. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. १५ नोव्हेंबरच्या रविवारी पहिली फेरी. ६ डिसेंबरला सामना ठेवू नये. महापरिनिर्वाण दिनाला अर्धे खेळाडू आणि अर्धे प्रेक्षक नसतील, आणि नसावेतच. तो रविवार वगळून मोजलं तर दहावी फेरी २४ जानेवारीला येते. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारीत लागतात, त्याआधी सगळं मोकळं. सोयाबीन दिवाळीपर्यंत घरात आलेलं असतं. कापसाची वेचणी मात्र ऐन हंगामात चालू राहते, म्हणून सकाळचे सामने नकोत; सकाळी पोट्टा वावरात असतो. आणखी एक गोष्ट शहरातल्या आयोजकाच्या लक्षात येत नाही: गावाची सुट्टी रविवारी असतेच असं नाही, ती बाजाराच्या दिवशी असते. ज्या गावचा बाजार रविवारी भरतो तिथे यजमानपद देऊ नका. मैदानात दुकानं लागलेली असतात आणि वाहन मिळत नाही.

सगळे सहा संघ एकाच गावी जमतील, तीन सामने ओळीने. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. २५-२५ मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची सुटी धरली तर सामना ५५ मिनिटांचा. दीड वाजता पहिला, २.३५ ला दुसरा, ३.४० ला तिसरा, ४.३५ ला खेळ संपतो आणि अंधाराच्या आत टेम्पो निघतो. यजमानपद दहा रविवारांत कुणाला दोनदा, कुणाला एकदा येईल. घरच्या मैदानाचा फायदा थोडा कमी-जास्त होणार, तो सोसावा. सहा ठिकाणी धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

फेऱ्या लावायला संगणक लागत नाही. सहा चिठ्ठ्या दोन ओळींत मांडा: वर १, २, ३ आणि खाली ६, ५, ४. समोरासमोरचे खेळतील. पुढच्या फेरीला ६ ची चिठ्ठी जागेवरच ठेवायची आणि बाकीच्या पाच एकाच दिशेने एकेक घर सरकवायच्या. पाच फेऱ्यांत सगळ्या जोड्या होतात, एकही दुबार येत नाही. मग तेच पुन्हा.

अकरा जणांचा खेळ आत्ता नको. दीड हजार वस्तीच्या गावात नियमित येणारे १२ खेळाडू मिळतात, १६ मिळत नाहीत. अकराचा संघ भरायला गेलं की पुन्हा बाहेरची भरती. केरळच्या मलबारात ‘सेव्हन्स’ची परंपरा उभी आहे ती सात जणांवरच, आणि हंगामही पावसाळ्यानंतरचा. ६० बाय ४० मीटरची जागा पुरते. आखताना दोरीने चारही बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ७२ मीटर ११ सेंटिमीटर भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. आखायला फक्की वापरा. कळीचा चुना नको, तो डोळ्यांत गेला तर डोळा जातो आणि घसरून पडलेल्याची कातडी भाजते.

गोलपोस्टवर बहुतेक गावं घोटाळा करतात. मोठ्या मैदानाचा गोल ७.३२ मीटर रुंद; जीआय पाइप येतो ६ मीटरचा. मग आडव्या दांडीला मधे जोड द्यावा लागतो आणि वर्षभरात ती तिथेच झोल धरते. सातच्या खेळाला ४.८८ मीटर रुंद आणि २.१३ मीटर उंच गोल घ्या. एका दोन इंची पाइपातून आडवी दांडी निघते. दुसऱ्यातून दोन्ही खांब, प्रत्येकी २.७३ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर जमिनीत गाडायला उरतात. एका गोलला दोन पाइप, मैदानाला चार. काळ्या मातीत नुसता खड्डा करून खांब पुरला तर तो पहिल्या पावसाला कलतो, कारण ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. खड्डा मोठा घ्या, तळाला मुरूम ठोका, खांबाभोवती काँक्रीट भरा. गाडायचं नसेल, उचलते गोल करायचे असतील, तर मागची चौकट वाळूच्या पोत्यांनी दाबलीच पाहिजे. न दाबलेला गोल लोंबकळणाऱ्या पोरावर पडून जीव जाऊ शकतो.

मैदानाचं काम ऑक्टोबरात. परतीचा पाऊस थांबला आणि माती वाफशावर आली की वखरून ढेकळं फोडा, भेगा माती-मुरुमाने बुजवा, मग रोलर. हीच गोष्ट डिसेंबरात केली तर रोलर दगडावर फिरवल्यासारखा फिरतो आणि भेगा तशाच राहतात. घोटा मुरगळतो तो तिथेच. भंडारा-गोंदियाकडे धान कापल्यावर बांधी मोकळी दिसते, पण आधी विचारा, लाखोळी पेरलेली असेल तर ती मोकळी नाही. नसेल तर धसकटं बुडापासून काढा, धुऱ्याला लागून सीमारेषा आखू नका, आणि सामन्याच्या पेटीत धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर ठेवा.

चेंडू पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. नियमानुसार हवा ०.६ ते १.१ वातावरण दाबाची चालते. आपल्याकडे सायकलच्या पंपाने दगड होईपर्यंत भरतात. कडक वाळल्या जमिनीवर तो डोक्याएवढा उसळतो, कुणालाच खाली ठेवता येत नाही, शिवण उसवते आणि मग ‘आपल्या पोट्ट्यांना कंट्रोल नाही’ म्हणायला आपण मोकळे. ०.६-०.७ वर ठेवा. अंगठा दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. सुई तेलाचं बोट लावून घाला, कोरडी घातली की वॉल्व्ह फाटतो. बुटांचाही नियम एकच ठेवा: स्टडवाला आणि अनवाणी खेळाडू एका मैदानात नको. आपल्या जमिनीला कॅनव्हासचे बूट किंवा बारीक रबरी गुठळ्यांचे बूटच बरे.

नियमांत तीन गोष्टी लेखी हव्यात. एक, प्रत्येक संघाने १४ नावं आधी द्यायची, त्यात तालुक्याबाहेरचे जास्तीत जास्त दोन, आणि पाचव्या फेरीपर्यंत यादीत बदल नाही. दोन, संघ आला नाही तर समोरच्याला ३-० चा विजय. पाच फेऱ्यांच्या आत कुणी लीग सोडली तर त्याचे सगळे निकाल रद्द, नंतर सोडली तर उरलेले सामने ३-० धरायचे. हा नियम कोरडा वाटतो, पण लीग मोडते ती इथेच. सलग चार हरलेला संघ पाचव्या रविवारी ‘लग्न आहे’ म्हणतो. म्हणून सुरुवातीला अनामत घ्या आणि दहावा सामना खेळल्यावरच परत करा. तीन, पंच. सहाही संघ एकाच गावी असल्यामुळे प्रत्येक सामन्याला न खेळणाऱ्या चार संघांतून एक पंच आणि दोन लाइनमन द्यायचे. पहिल्या दोन रविवारी आरडाओरडा होईल. पण आज शिट्टी वाजवणारा पुढच्या सामन्यात खेळाडू असतो आणि शिव्या देणाऱ्याच्या हाती शिट्टी येते, त्यामुळे तिसऱ्या रविवारपासून आवाज उतरतो.

पैसे कुठून? पैसा आहेच, फक्त तो चुकीच्या टोकाला बांधलेला आहे. फलकावर पहिलं बक्षीस ५१,०००, दुसरं ३१,०००, तिसरं २१,००० असं लिहिलेलं असतं. बेरीज १,०३,०००. ती ३० सामन्यांत वाटली तर सामन्यामागे ३,४०० च्या वर येतात. त्यात प्रवासाचा वाटा, फक्की, पाणी, बर्फ आणि चेंडूची झीज बसते. देणगीदार नेत्याला हे पटवणं सगळ्यात अवघड, हे मान्य. त्याला एका रात्रीचा मंच, माइक आणि झगमगाट हवा असतो. त्याला सांगा, बॅनर दहा रविवार लागेल.

अंतिम सामना ठेवू नका. सगळ्यात जास्त विरोध याला होईल, तरी म्हणतो. २०२३-२४ च्या आयएसएलमध्ये मोहन बागानने लीगच्या तक्त्यात पहिला नंबर काढून शील्ड घेतलं आणि ४ मे २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीने त्यांना ३-१ ने हरवून कप नेला. त्या रात्री महाराष्ट्रात आम्ही नाचलो, पण त्या वर्षीचा खरा चँपियन बागानच होता. दहा रविवारांचा हिशेब एका तासात पुसायचा असेल तर लीग कशाला? विजयाचे ३, बरोबरीचा १. २४ जानेवारीला तक्त्यात जो वर तो चँपियन. बक्षीस २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर द्या. त्या दिवशी गाव आपोआप जमलेलं असतं, आणि समोर मुलींचा सामना लावा. भारताच्या महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया कप गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुष संघ जिथे अडकला ती पायरी मुलींनी ओलांडली. आश्रमशाळांतल्या मुली पळण्यात कुणाला ऐकत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची वेगळी लीग व्हावी. पहिल्या वर्षी एक सामना जरी नीट झाला तरी पुरे.

‘गावात क्रिकेट आणि कबड्डी चालते, फुटबॉल कोण बघणार?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. टेनिस बॉलच्या क्रिकेटला गर्दी होते, कारण त्याचा मोसम सगळ्यांना तोंडपाठ आहे. फुटबॉलचा सामना कधी आहे हेच गावाला माहीत नसतं. कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या नावाने पेठा भांडतात आणि शाहू स्टेडियम भरतं, कारण तिथे लीग आहे, त्यामुळे वैर एका सामन्यात संपत नाही. अनिकेत जाधव त्याच मातीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला. वैर टिकायला परतीचा सामना लागतो. आपल्या दोन शेजारी गावांत वैराची कमतरता नाही, उगाच वाया चाललं आहे.

हे सगळं जुळवायला तान्हा पोळा झाला की बसलं पाहिजे. नोव्हेंबरात बसून उपयोग नाही. मैदान ऑक्टोबरात तयार व्हायचं आहे. सहा गावं जमली नाहीत आणि चारच तयार झाली, तरी थांबू नका. चौघांना तीनदा फिरवा: १८ सामने, प्रत्येकाला ९, दर रविवारी दोन, नऊ रविवारांत काम फत्ते. तीनच आली तर मात्र एका संघाला दर वेळी रिकामं बसावं लागतं आणि लोक पांगतात. तेव्हा चौथ्या गावच्या सरपंचाकडे पुन्हा एकदा जाऊन या.